गुडघ्याखालून कमरेखाली

शी! आधी मला जरा नाक मुरडून घेऊ द्या, मग बोलते. मी एक उशी बोलतेय. डोक्याखालची नव्हे, गुडघ्याखालची. चर्चमध्ये प्रार्थना करताना गुडघे दुखू नयेत म्हणून खाली घेतात ना, ती. माझी कहाणी ऐकायची तर वास सहन करावा लागेल, आधीच सांगून ठेवते.

जन्माने मी चांगल्या घरची. एका शिंपिणीने आपल्या जुन्या लाल कोटाचं कापड कापून मला शिवलं. आत भरपूर कापूस, कडेने दुहेरी टाका आणि कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्याचा क्रूस. क्रूस जरा वाकडाच आला, पण तिने तो उसवला नाही. "माझ्या थोरल्याचे गुडघे लहानपणापासून नाजूक हो," असं ती मशीन चालवता चालवता शेजारणीला सांगत होती. थोरला तेव्हा चांगला टक्कल पडलेला बाप्या होता.

या थोरल्याला सगळी गल्ली आमेनराव म्हणते. प्रार्थना कुणाचीही चालू असो, 'आमेन' याचंच सगळ्यांत मोठं. मला तो काखेत मारून चर्चला नेतो आणि काखेतच परत आणतो. त्या काखेबद्दल मी काही बोलत नाही. गुडघे मात्र मऊ, गुबगुबीत, पावडर लावलेले. फरशी कशी लागते हे त्यांना ठाऊकच नाही.

त्याचा एकच हेका. माणूस विश्वासाने तरतो, कृत्यांनी नाही. आता यात खोटं काय आहे? चर्चचे पाळकही तेच सांगतात, मी खालून कितीदा ऐकलंय. पण पाळक पुढे म्हणतात, "मात्र खरा विश्वास हाताची घडी घालून बसत नाही, तो..." आणि नेमका तिथेच आमेनराव दणकून 'आमेन' म्हणतो. पुढचं वाक्य मला आजवर पुरतं ऐकू आलेलं नाही.

धाकटा भाऊ सेवाभाऊ. त्याचं गाडं उलट्या दिशेने. अनाथांना ब्लँकेटं वाट, दवाखान्यात परक्या रोग्यांना फळं दे, आणि देताना फोटो काढ. हे सगळं वर कुठेतरी जमा होतंय आणि आपली जागा पक्की होतेय, अशी त्याची मनापासून समजूत. एका रोग्याने फळ खाऊन टाकलं आणि फोटो राहिला, तर याने त्याला हातात साल धरायला लावली. किळस येते मला या दोघांची!

मग त्यांच्या आईला, म्हणजे मला शिवणाऱ्या त्याच शिंपिणीला, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. पलंग, पलंगाखाली शौचाचं भांडं, आणि कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात. तो हात एकच, आमेनरावची बायको.

सूनबाई कुणी गोड बाई आहे असं समजू नका. नाकाला फडकं बांधून करते आणि करताना तोंडाचा पट्टा चालू. "देवा रे देवा, काय हा वास! आई, कालपासून काय खाल्लंत तरी काय तुम्ही?" म्हातारीही कमी नाही. "तूच रांधलंस ते," म्हणते. सासूला एकटं टाकून जाता येईना म्हणून सूनबाईचं चर्च सुटलं. तिकडे लगेच कुजबुज सुरू झाली, आमेनरावच्या बायकोचा विश्वास थंड पडलाय म्हणे. आमेनरावने मान खाली घालून 'प्रार्थना करा तिच्यासाठी' असं सांगितलं. माझ्यावर गुडघे टेकून सांगितलं, म्हणून मला माहीत.

त्या रविवारी उपासना संपल्यावर दहाबारा माणसं प्रार्थनेला घरी आली. आमेनरावने मला पलंगाजवळ मांडलं आणि वर ऐसपैस बसला. तेव्हा मला तो वास आला. पडून पडून म्हातारीच्या कमरेखाली जखम झाली होती, ती चिघळली होती. वर चादर ओली. शिसारी आली मला, खोटं कशाला बोलू!

म्हातारी हळूच म्हणाली, "अरे, माझ्या हातून आता काही म्हणजे काही होत नाही. देव मला घेईल का रे?"

"विश्वास ठेव, आई. कृत्यांचं काय घेऊन बसलीस?" आमेनराव म्हणाला.

"असं कसं?" सेवाभाऊ उसळला. "आईने जन्मभर लोकांचं फुकट शिवून दिलंय. ते कुठे जाईल?"

"म्हणजे कृपा विकत मिळते का?"

"आणि तुझ्यासारखं नुसतं बसून मिळते वाटतं?"

जुंपली! वचनांवर वचनं फेकू लागले. पाहुणे माना डोलावतायत, कधी इकडे, कधी तिकडे. आणि मधे ती ओल्या चादरीवर. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि कळवळून म्हणाली, "अरे, मला उचला रे कुणीतरी!"

आमेनरावचे डोळे भरून आले. "उचलतो, आई! आत्ता उचलतो!" आणि त्याने डोळे मिटले, हात जोडले. "हे प्रभू, तुझ्या या दासीला आम्ही प्रार्थनेत तुझ्या चरणी उचलून धरतो..."

"उचलून धरतो," सगळे म्हणाले.

"तसं नव्हे रे मेल्यांनो," म्हातारी पुटपुटली, पण आमेनच्या गजरात कोण ऐकतो? सेवाभाऊने तेवढ्यात फोटो काढला. मला वाटलं, माझी शिवण उसवावी आणि सगळा कापूस यांच्या नाकातोंडात जावा.

सूनबाई घमेलं आणि कोरडी चादर घेऊन आली. "सरका," ती म्हणाली. आमेनराव सरकला नाही. तो 'उचलून धरतो'च्या तिसऱ्या फेरीत होता. तिने घमेलं खाली ठेवलं, वाकली आणि मला धरून असा हिसका दिला की आमेनराव धपकन फरशीवर आपटला.

"आई गं! अगं, प्रार्थना चाललीय!"

"चालू द्या की. ती तोंडाने करताय, हात रिकामेच आहेत. धरा आईंना."

"कृत्यांनी तारण होत नसतं, किती वेळा सांगू तुला?"

"तुमचं तारण गेलं खड्ड्यात! आईंची चादर ओली आहे!"

कुणी आमेन म्हटलं नाही. सेवाभाऊ फोन कानाला लावून बाहेर सटकला. आमेनरावने आईच्या पाठीखाली हात घातले, तिला कुशीवर वळवलं, आणि पहिल्यांदा ती जखम पाहिली. त्याला ओकारी आली. पण सूनबाईने "सोडाल तर बघा" म्हटल्यामुळे त्याने सोडलं नाही. चादर बदलली, जखम पुसली, आणि अंग कलतं राहावं म्हणून मला म्हातारीच्या कमरेखाली सारलं.

सगळे गेल्यावर म्हातारीने डाव्या हाताने मला चाचपलं. बोट त्या वाकड्या क्रुसावर थांबलं. "ही मी शिवलेली गं," ती म्हणाली. "मी काय स्वतःसाठी शिवली होती? त्याचे गुडघे दुखतात म्हणून शिवली."

"मग? मी तरी तुमचं काय मिळायचंय म्हणून करते?" सूनबाई भांडं विसळत म्हणाली. "शिव्या तर खाते वर. तुम्ही आमच्या आहात म्हणून करते. माझ्यासारख्या कजाग बाईला एवढं कळतं, तर देवाला कळणार नाही का? घेईल तो. झोपा आता."

म्हातारी झोपली. खरोखर झोपली, कण्हली नाही.

आता मी तिथेच असते. लाल रंग गेला, डाग पडले, धुतलं तरी वास जात नाही. पुढच्या रविवारी आमेनरावने चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली म्हणे, की प्रभूने माझ्या हातांनी आईला उचललं. हिसक्याचा उल्लेख नव्हता.

काल तो मला न्यायला आला. "माझी चर्चची उशी," म्हणाला. सूनबाईने मला काढून त्याच्या नाकाखाली धरलं. तो दोन पावलं मागे गेला. तेवढ्यात म्हातारीने हाक मारली, "बाळा, उचल रे मला." आणि सवयीने त्या माणसाचे डोळे मिटायला लागले!

"डोळे उघडे ठेवून!" सूनबाई ओरडली.

त्याने उघडले. उचललंही, नाक आक्रसून का होईना. मग सूनबाई म्हणाली, "भांडंही काढा आता."

बाबा आमेनराव, मला परत मागू नकोस, एवढंच माझं मागणं. गुडघे टेकायचे असतील तर इथे टेक. भांडं पलंगाखाली भिंतीपर्यंत सरकलंय. गुडघे टेकल्याशिवाय हात पोचत नाही.