नगराध्यक्षांच्या दाराबाहेरचा बाक

मित्रांनो, मी मेस्किटच्या लाकडाचा एक जुना बाक आहे. युस्तोलिया नदीत वाहून गेल्याची बातमी आली, तेव्हा तिचा नवरा हर्मिलो माझ्यावरच बसला होता. नगराध्यक्षांच्या सहीसाठी तो सकाळपासून ताटकळत होता. ती त्याचं जेवण घेऊन निघाली होती. पूल बंद होता, म्हणून पाण्यातून आली. टोपली तेवढी अलीकडच्या काठाला लागली.

हर्मिलो सुतार आहे. एकतीस वर्षांपूर्वी मला त्यानेच घडवलं आणि युस्तोलियाने जवसाचं तेल चोळलं. "एवढा रुंद कशाला?" तिने विचारलं होतं. "इथे माणसांना फार वेळ बसावं लागणार आहे," तो म्हणाला.

आमच्याकडे नगराध्यक्ष तीनच वर्षांसाठी असतो. त्याला पुन्हा उभं राहता येत नाही. पहिल्या वर्षी तो माझ्यावर बसून म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांची चौकशी करतो. तेव्हा माझं कौतुक होतं, मला पुसतात. तिसऱ्या वर्षी तो मागच्या दाराने जातो आणि माझ्यावर धूळ साचते.

तेव्हाचे नगराध्यक्ष अर्नुल्फोसाहेब, त्यांना मात्र पुढे राजधानीत जायचं होतं. वाळूचा ठेकेदार पक्षाचा माणूस. त्याच्या ट्रकांनी नदी उपसली आणि पुलाचा खांब खचला, तरी साहेब गप्प राहिले. खांब उभा करायला गावाने रविवारच्या श्रमदानाच्या पाळ्या लावल्या होत्या. हर्मिलोने सव्वीस फळ्या कापून अंगणात रचल्या होत्या. हवी होती फक्त उपसा थांबवायच्या हुकुमावर सही.

मग पक्षाने तिकीट दुसऱ्याला दिलं. माझ्यावर बसलेले लोक म्हणाले, "संपला हा." युस्तोलियाचं उलटंच.

"अहो, बरंच झालं! आता त्याला ठेकेदाराची भीती नाही, पक्षाची नाही. आता तो मनासारखं काम करेल."

"त्याच्या मनात काय आहे, ते कुणाला ठाऊक?" हर्मिलो म्हणाला.

"बघाच तुम्ही. उद्यापासून रोज इथे येऊन बसा. जेवण मी आणते."

तो रोज आला. सेक्रेटरी चेलो दार किलकिलं करून सांगायची, "काका, साहेब मासे पकडायला गेलेत."

"जाणारच. मासे सही मागत नाहीत," हर्मिलो म्हणायचा. लोक हसायचे.

मित्रांनो, साहेब दुष्ट नव्हते. ठेकेदार तर त्यांना आता विचारतही नव्हता. त्यांना कुणाची भीती उरली नव्हती, आणि आमचीही नव्हती. युस्तोलियाच्या हिशेबात एवढंच राहून गेलं.

दफन झाल्यावर साहेब आले आणि पहिल्या वर्षानंतर प्रथमच माझ्यावर बसले. हर्मिलोच्या खांद्यावर हात ठेवला. डोळे खरंच ओले होते.

"काका, आता माझ्या हातात काय आहे? वीस दिवस उरलेत."

"साहेब, सही करायला वीस दिवस लागतात?"

"नवा माणूस येतोय. त्याला सांगा."

"त्याला तरी पुन्हा कुठे उभं राहायचंय?"

साहेब उठले. वीस दिवसांनी त्यांचा फोटो आधीच्या फोटोंशेजारी भिंतीवर लागला. माझ्यासमोरच आहे तो. चांगला आलाय.

माझा एक पाय निखळलाय. परवा हर्मिलोने तो तारेने बांधला. मी नुसतं लाकूड. दार उघडू शकत नाही, त्याला घरीही पाठवू शकत नाही. अजूनही तो एका कडेला सरकून बसतो आणि शेजारी एका माणसाची जागा मोकळी ठेवतो.

मित्रांनो, कधी अशा बाकावर टेकलात, तर शेजारच्याला विचारा, तुम्ही कधीपासून बसला आहात? मला ते विचारता येत नाही.

नवे नगराध्यक्ष आले, त्यालाही चार महिने झाले. फळ्या अंगणातच आहेत. हुकुमावर सही झालेली नाही.