पहिल्या मानाची नळी

सदाशिवरावांनी नळी अशी भिरकावली, की ती थेट अंगणातल्या पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळक्या काड्यांच्या ढिगात जाऊन अडकली.

"हे असले धंदे मले जमत नाई! संडासात काडी घेऊन बसू काय म्या या वयात?"

नळी कसली, बोटाएवढी प्लास्टिकची कुपी. हिरवं झाकण, झाकणालाच आतून काडी. शौचाला काडी टोचायची, झाकण लावायचं आणि गावच्या आशाताई, म्हणजे पुष्पाताईंच्या हवाली करायची. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात सापडतं आणि आतड्याचा कॅन्सर वेळेत पकडता येतो, असं उपकेंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी कार्यक्रमात समजावून सांगितलं होतं. त्याच कार्यक्रमात माजी सरपंच म्हणून पहिली नळी सदाशिवरावांना मिळाली होती. त्यांनी नारळ फोडला, नळी उंच धरून फोटो काढून घेतला आणि भाषणही ठोकलं. पुष्पाताई सदाशिवरावांच्या बायकोचं, इंदूबाईंचं नाव लिहायला लागल्या, तेव्हा मात्र त्यांनी मध्येच हात घातला होता.

"तिले काय धाड भरली? चांगली धडधाकट हाय. नळ्या वाया नोका घालवू."

लोक हसले होते. पदर दातात धरून इंदूबाईही हसल्या होत्या.

"आबा, साऱ्या गावाच्या नळ्या गेल्या. तुमचीच राह्यली," ओसरीवर सायकल पुसत नात सुरभी म्हणाली. "ग्रुपवर तुमचा फोटो टाकून लोकं इचारून राह्यले, सरपंचाची कवा निंघते म्हणून."

"चूप! दहावीत गेली तं लय शिंगं फुटली काय वं तुले?"

"फुटली ना. दोन." सुरभीनं डोक्यावर दोन बोटं उभी करून दाखवली आणि चप्पल अंगावर यायच्या आत सायकल घेऊन शाळेला पसार झाली.

सदाशिवरावांचा राग मग घरातल्या नेहमीच्या जागी येऊन पडला.

"आयकलं काय? तूच भर ते अन् दे तिले. वरतं नाव माहं हाय. आत कोणाचं हाय ते कोण पाह्यते?"

इंदूबाई अंगणात उतरल्या. पऱ्हाटीत हात घातला, मनगटावर ओरखडा उठला, तरी त्यांनी नळी ओढून काढली. पदरानं पुसली. पोळ्याच्या सणापासून त्या संडासात गेल्या की बादलीभर जास्तीचं पाणी ओतत होत्या. सुरभीनं विचारलं, तर म्हणायच्या, "उष्णता हाय पोरी." सकाळ-संध्याकाळ भिजवलेला सब्जा पीत होत्या. आता ती नळी त्यांनी मुठीत अशी घट्ट धरली, जशी कोणी परत मागायलाच येणार होतं.

आठवड्यानं पुष्पाताई आल्या. ओसरीवर टेकल्या आणि त्यांनी आवाज उतरवला.

"भाऊ, तुमच्या नळीत रक्त निंघालं. घाबरू नोका, कॅन्सरच हाय असं नाई, मूळव्याध बी असू शकते. पण यवतमाळले जाऊन दुर्बिणीनं पाहा लागते. गुरुवारी गाडी येते."

"रक्त? माह्या?"

सदाशिवराव अर्धे उठले. मग त्यांची नजर सैपाकघराच्या दाराकडे गेली. दारात परात घेऊन इंदूबाई बसल्या होत्या. भाकरीच्या पिठात त्यांचा हात थांबला होता. 'नळी माही नाई, हिची हाय,' एवढं एक वाक्य ते बोलले असते, तर काम झालं असतं. इंदूबाई त्या एका वाक्याची वाट पाहत राहिल्या.

"तुही मशीनच खोटी हाय!" सदाशिवराव पुष्पाताईंवर कडाडले. "दुसरी नळी आण. साफ निंघते का नाई पाय!"

"दुसरी साफ निंघाली तरी पहिली पुसल्या जात नाई, भाऊ. जा तं लागतेच."

"निंघ माह्या दारातून!"

पुष्पाताई फाटकापलीकडे गेल्या, तसे ते इंदूबाईंकडे वळले.

"काय करून ठेवलं वं माह्या नावानं? गावात तोंड दाखवाले जागा नाई ठेवली! नाव माहं अन् रोग तुहा. कोणाजवळ बोलली तं याद राख."

"नाई बोलत," इंदूबाई म्हणाल्या आणि भाकरी थापू लागल्या. भाकरी काठाला चिरली. त्यांनी गोळा मोडून पुन्हा मळला.

गुरुवारी हॉर्न वाजला, तेव्हा सदाशिवराव मधल्या खोलीत दार लावून बसले होते. "वावरात गेले म्हणून सांग," असं त्यांनी सुरभीला बजावलं होतं. गाडीत दोन म्हातारे आधीच बसले होते. पुढच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन पुष्पाताई होत्या. ड्रायव्हर फाटकातूनच ओरडला.

"सदाशिवराव कोण हाय? चाला लवकर!"

"आबा..." सुरभीनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

आजी लग्नाकार्याचं हिरवं लुगडं नेसून बाहेर आली होती. हातात थैली, थैलीत पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेली भाकर. नवऱ्याचं नाव या बाईनं जन्मात कधी ओठांवर आणलं नव्हतं. रेशनच्या दुकानात कोणी विचारलं, तर ती सुरभीला कोपर मारायची, "सांग ना वं."

"कोण हाय बाप्पा सदाशिवराव?" ड्रायव्हर कावला.

"मी," इंदूबाई म्हणाल्या.

ड्रायव्हर हसायला लागला. पुष्पाताई हसल्या नाहीत. त्यांनी इंदूबाईंकडे पाहिलं, मग मागच्या बंद दाराकडे.

"कोठी चालली वं?" दाराआडून आवाज आला. "सैपाकाचं कोण पाह्यन?"

इंदूबाई चपला चढवत होत्या. त्या वळल्या नाहीत.

पुष्पाताईंनी मांडीवरची पिशवी पायाशी ठेवली आणि सरकून जागा केली.