बागेतल्या एकशे वीस फेऱ्या

दर एप्रिलमध्ये आमच्या गावात एकवीस किलोमीटरची शर्यत होते. बाजारातून निघायचं, देवदारांच्या जंगलातून तळ्यापर्यंत चढायचं, तळ्याला वळसा घालायचा आणि झऱ्याच्या वळणानं पुन्हा बाजारात उतरायचं. हल्ली पोरी घोळक्यानं धावतात, हसतात, एकमेकींना हाका मारतात. मी दारात खुर्ची टाकून बघत बसते. त्या काळी धावणाऱ्या बायका एका हाताच्या बोटांवर मोजता येत. त्यातली एक माझी सून होती.

इत्तो तिचं नाव. वरच्या डोंगरातल्या मेंढपाळांची लेक. माझा धाकटा मुलगा बेन्नासर जंगलखात्यात पहारेकरी होता. आम्ही त्याला नासर म्हणायचो. तो दरवर्षी ही शर्यत धावायचा. जिंकला कधीच नाही, पण चुकवली एकदाही नाही. लग्नाला वर्ष झालं होतं. एकदा जेवताना त्यानं बायकोला डिवचलं, "जन्मभर बकऱ्यांच्या मागं धावलीस. एकदा माणसांच्या पुढं धावून दाखव की."

"तुझ्या पुढं गेले तर घरात घेशील का?"

"आधी पुढं तर जा!"

मला ते बोलणं रुचलं नाही. मी म्हटलं, "सून रस्त्यानं पळायला लागली तर लोकांना वाटेल घराला आग लागलीय."

"मग बादल्या घेऊन येतील," नासर म्हणाला. "शेजाऱ्यांची तेवढीच परीक्षा होईल."

त्या शरदात दोघं पहाटे जंगलातल्या वाटेनं धावू लागली. मी दार उघडून द्यायची आणि ती परत येईपर्यंत चुलीशी बसून राहायची. डिसेंबर लागला तेव्हा नासरनं चौकटीच्या वहीतलं एक पान फाडून त्यावर ओळी लिहिल्या आणि ते खळीनं स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलं. जानेवारीच्या शेवटापासून शर्यतीपर्यंत कुठल्या दिवशी किती धावायचं, ते सगळं त्यात होतं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. अक्षरं मी फार उशिरा शिकले, साठी उलटल्यावर, मशिदीत बायकांचा वर्ग सुरू झाला तेव्हा. त्या वेळी मला फक्त त्याच्या हातच्या ओळी दिसत, एकाखाली एक, मुंग्यांच्या रांगांसारख्या.

पुढच्याच गुरुवारी घाटात बर्फावरून त्याची जीप घसरली. त्याविषयी याहून जास्त लिहीत नाही.

इत्तोनं पांढरं घातलं. आमच्याकडे विधवेचं सगळंच पांढरं असतं, डोक्याच्या रुमालापासून पायातल्या मोज्यापर्यंत. चार महिने दहा दिवस. तेवढ्या काळात काजळ नाही, मेंदी नाही, समारंभ नाही, आणि रात्र नवऱ्याच्याच घरात काढायची. तिला मूल नव्हतं. तिच्या बापानं चाळिसाव्या दिवसाच्या विधीलाच सांगून ठेवलं, पांढरं उतरलं की मी तिला घेऊन जाईन. त्यात त्याचं चुकीचं काही नव्हतं. रीतच ती.

दिवस मोजले माझ्या थोरल्यानं, मोहानं. तो टपाल कचेरीत कारकून होता. त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं, चौदा डिसेंबरपासून चार महिने आणि दहा दिवस, आणि चोवीस एप्रिलच्या मंगळवाराभोवती लाल गोल केला. शर्यत बावीसला होती, रविवारी. दोनच दिवस आधी. इत्तोनं तो गोल पाहिला आणि चुलीत लाकूड सारलं.

चाळिसावा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरामागून बर्फ चुरडल्याचा आवाज आला. आमच्या घरामागे भिंतीच्या आत सफरचंदाची बाग आहे. जाऊन पाहते तर इत्तो पांढऱ्या कपड्यांत, खाली पांढरं बर्फ, आणि ती भिंतीच्या कडेकडेनं धावतेय.

"काल चाळिसावा झाला आणि आज हे?" मी ओरडले. "लाज कुठं ठेवलीस?"

ती थांबली नाही. माझ्यासमोरून जाताना एवढंच म्हणाली, "यिम्मा, आजच्या तारखेला त्यानं लिहिलंय. वीस मिनिटं."

यिम्मा म्हणजे आई. नासर मला असंच म्हणायचा. मी दारातच उभी राहिले. त्यानंच लिहिलं होतं ते.

नंतर आठवड्यातून तीनदा ती धावायची. भिंतीच्या आत असल्यानं कुठली रीत मोडत नव्हती. नासरच्या कामाच्या फितीनं आम्ही दोघींनी बाग मोजली. एक फेरी एकशे तीस मीटर निघाली. एवढ्या फेऱ्यांत तिची मोजणी चुकायची, म्हणून मी अक्रोडाखाली बसू लागले. मांडीवर हरभऱ्यांची वाटी, पायाशी रिकामी थाळी. ती समोरून गेली की एक हरभरा थाळीत. सकाळी उठल्यावर मी आधी विचारायची, "आज काय म्हणतो तो?"

"साठ फेऱ्या म्हणतो."

"आणि पायाचं दुखणं?"

"त्याबद्दल काही म्हणत नाही."

संध्याकाळी ती पेन्सिलीनं त्या दिवसाची ओळ खोडायची. मला ते बघवायचं नाही. माझ्या हिशेबी नासरच्या बोलण्यातलं एकेक वाक्य कमी होत होतं.

शेजारची यामना भिंतीवरून डोकं वर काढायची. "तूदा, अगं, सुनेला घाण्याला जुंपलंस का?"

"तुझ्या जिभेला जुंपलं असतं तर गावाला तेल पुरलं असतं," मी म्हणायची. ती हसायची आणि शिडीवर तशीच उभी राहून बघायची. पुढंपुढं तीही मोजू लागली. माझा एखादा हरभरा चुकला तर वरून ओरडायची.

एकदा मी इत्तोला विचारलं, "शर्यत रविवारी. तुझं पांढरं मंगळवारपर्यंत. मग पळतेस कशासाठी?"

ती बुटांची नाडी बांधत होती. "तो म्हणायचा, एकदम थांबलं की पाय आखडतात."

मार्चच्या शेवटी एका रविवारी तिनं एकशे वीस फेऱ्या मारल्या. त्याहून जास्त पानावर नव्हतंच. बाकीच्या एक्केचाळीस फेऱ्यांएवढं अंतर शर्यतीच्या दिवशी आपोआप निघतं, असं नासरचं म्हणणं होतं. सगळे हरभरे थाळीत आले. ती अक्रोडाला पाठ लावून बसली, मी तिच्या पोटऱ्यांना ऑलिव्हचं तेल चोळलं. त्या दिवशी तिचे पाय मी पहिल्यांदा नीट पाहिले. माझ्या लेकीचे असावेत तसे वाटले.

आता जे सांगायचं ते सांगते.

टपालाच्या महिन्यांशी माझा संबंध नव्हता. माझे दिवस चंद्रावर चालत. नासर गेला तो बकरीदच्या आधीच्या महिन्याची तेविसावी होती. त्या ईदला आमच्या घरी मेंढा कापला नाही. तेव्हापासून चार चंद्र धरले की पैगंबरांच्या जन्माच्या महिन्याची तेविसावी येते. वर दहा दिवस मोजले की पुढच्या महिन्याची तिसरी. इद्दत, म्हणजे विधवेची ही मुदत, अशीच मोजतात. माझी आई विधवा झाली तेव्हा तिची अशीच मोजली होती. मोहा शिकलेला, त्याला हे सुचलं नाही, आणि दुःखात कुणी विचारलंही नाही.

शर्यतीआधीच्या बुधवारी मावळतीला आम्ही दोघी बागेत वाळलेले कपडे काढत होतो. देवदारांच्या वर कोर दिसली, नखाएवढी. इत्तो म्हणाली, "चंद्र."

मी कपड्याची घडी घातली. गुरुवार पहिली, शुक्रवार दुसरी, शनिवार तिसरी. शनिवारी सूर्य मावळला की ती मोकळी, आणि रविवारी शर्यत. हे सगळं एका श्वासात माझ्या डोक्यात आलं. मी म्हटलं, "हो. गारठा पडतोय, चल आत."

का गप्प बसले? पांढरं उतरलं की ती जाणार. ती आहे तोवर या घरात नासरची बायको आहे, आणि त्या पानावर एक ओळ शिल्लक आहे. मंगळवारपर्यंत ती ओळ तशीच राहिली असती. एवढ्यासाठी मी तिची शर्यत दाबून ठेवली. दोन दिवस. नमाज पढले, तशीच गप्प राहून पढले.

शुक्रवारी दुपारी बासू आला. तरुणपणी तो देशासाठी धावलेला, आता गावच्या मंडळाची शर्यत तोच बघायचा. नासरनं दोघांची नावं त्याच्याकडेच दिली होती. दारातच उभं राहून त्यानं टोपी काढली.

"इत्तो, पोरी, तुझा क्रमांक माझ्याकडे पडून आहे. खालच्या गावची एक मुलगी मागतेय. तू काही पांढऱ्यात धावणार नाहीस. देऊ का तिला?"

"द्या, बासूकाका," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "बूट लागत असतील तर तेही न्या. नवेच आहेत तसे."

तो वळला आणि अंगण ओलांडू लागला. माझी नजर दारावरच्या पानाकडे गेली. सगळ्या ओळी खोडलेल्या, एकच शिल्लक.

"शेवटच्या ओळीत काय लिहिलंय?" मी विचारलं.

इत्तोनं पानाकडे पाहिलंही नाही. "रविवार. एकवीस. इत्तो पुढं, नासर मागं."

मी अनवाणीच अंगणात धावले. "बासू! थांब! तो क्रमांक कुणाला देऊ नकोस!"

मग दिवस मोजायला धर्माचे जाणकार, फकीह सी ताहर, यांना बोलावलं. मोहाही कचेरीतून आला. सी ताहर तेव्हा ऐंशीच्या पुढचे, मशिदीत मुलांना कुराण शिकवायचे. त्यांनी चहा घेतला, बोटांच्या पेरांवर मोजलं, पुन्हा मोजलं.

"उद्या सूर्यास्ताला संपते," ते म्हणाले. "मंगळवार कुणी सांगितला?"

मोहा कॅलेंडरकडे बघत राहिला. "मी मोजलं होतं, सी ताहर. चार महिने..."

"पत्रं मोजतोस तशी इद्दत मोजलीस काय? वर शिक्का पण मारलास!" त्यांनी लाल गोलाकडे बोट केलं. "घरात एवढी जाणती आई बसलीय. तिला विचारायचं होतंस."

मोहानं माझ्याकडे पाहिलं. मी चहाचे पेले गोळा करू लागले.

शनिवारी बासूनं वेगळाच घोर लावला. "शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी हमाम? यिम्मा तूदा, तिचे पाय लोण्यासारखे होतील! सोमवारी न्हाऊ दे."

"न्हाल्याशिवाय पांढरं उतरत नाही," मी म्हटलं. "लोणी तर लोणी."

"मग फार गरम पाणी नको. आणि चोळू नका!"

"तू येतोस का चोळायला?" यामना म्हणाली. बासू कानापर्यंत लाल होऊन निघून गेला.

मावळतीची बांग झाली आणि मी तिला हमामात नेलं. पांढरे कपडे एकेक करून मीच उतरवले, घडी घालून बाजूला ठेवले. ते कुणा गरीब विधवेला द्यायचे असतात. वाफेत दोघीच होतो. मी कोमट पाणी तिच्या खांद्यांवर ओतलं आणि मग मला राहवेना.

"बुधवारी कोर दिसली ना, तेव्हाच मला कळलं होतं. मी बोलले नाही."

ती गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसली होती. तशीच म्हणाली, "मलाही कळलं होतं, यिम्मा. मेंढपाळांच्या घरची मी. आमच्याकडे दुसरं कॅलेंडर कुठं असतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"मुलगा तुमचा होता. तुम्ही उतरव म्हणाल तेव्हाच उतरवायचं ठरवलं होतं."

मी पाणी ओतत राहिले. तोंडावरून माझ्याही पाणी वाहत होतं, वाफ होती म्हणून बरं.

रविवारी सकाळी तिनं चार खजूर आणि मध लावून जवाची भाकरी खाल्ली. पायात काळी विजार, अंगात नासरचा हिरवा लोकरी सदरा, त्यावर क्रमांक. चार महिन्यांनी अंगावर रंग. रस्त्यावरच्या बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. सी ताहर बाजारात सगळ्यांना दिसतील असे खुर्चीवर येऊन बसले होते, तेव्हा मोठ्यानं कुणी काही बोललं नाही.

मी बाजारात थांबले नाही. मोहाला सांगितलं, मला झऱ्याच्या वळणावर सोड. तिथून शर्यतीचे पाच किलोमीटर उरतात. बागेतल्या एकशे वीस फेऱ्यांचं अंतर तिथं संपतं, हे मी बासूकडून आधीच विचारून घेतलं होतं. माझ्या झग्याच्या खिशात हरभरे होते, का घेतले माहीत नाही.

पुढचे गेले, मग घोळके गेले, मग एकटेदुकटे. ऊन चढलं. मोहा म्हणाला, "आई, सोडली असेल तिनं. चढ फार आहे."

"गप्प बस," मी म्हटलं.

मग हिरवा सदरा दिसला. ती हळू येत होती, चालण्याहून थोडी जलद. तोंड सुकलेलं, डावा पाय जरा ओढत होती. मला पाहिलं आणि तिची पावलं मंदावली. मला कळलं, आता थांबेल, माझ्या गळ्यात पडेल, आणि मग तिचे पाय पुन्हा उचलायचे नाहीत.

"थांबू नकोस," मी ओरडले. "जा! जा, पोरी!"

ती गेली. दोन तास चोवीस मिनिटांत पोहोचली, हे मला नंतर कळलं. मंगळवारी तिचा बाप खेचर घेऊन आला आणि ती डोंगरात गेली. पुढं तिचं लग्न झालं, दोन मुली झाल्या. ईदला अजून तिचा फोन येतो.

पण तेव्हा मी वळणावरच उभी होते. ती उताराला लागून दिसेनाशी झाली. मोहानं गाडी सुरू केली, हाक मारली. मी त्याला हातानं थांबवलं आणि ती आली होती त्या रस्त्याकडे बघत राहिले. तिच्या मागं कुणी नव्हतं. रस्ता वर जंगलापर्यंत रिकामा होता. मी बराच वेळ तो बघितला. मग गाडीत बसले.