थोरलीची स्लीपिंग बॅग आणि आईची निरगाठ

मित्रांनो, मी एक जुनी स्लीपिंग बॅग आहे आणि पहिल्यापासून भित्री आहे. हसू नका. माझं बाहेरचं कापड इतकं गुळगुळीत, की एका जागी टिकून राहणं मला माहीतच नव्हतं. कारखान्यात शिवून टेबलावर ठेवलं, तर मी जमिनीवर. दुकानात फळीवर ठेवलं, तर थेट एका गिऱ्हाइकाच्या डोक्यावर. तिनेच मला विकत घेतलं. तिला घरात सगळे थोरली म्हणत. डोंगरउतारांची मोजणी करणं हे तिचं काम, त्यामुळे महिन्यातले निम्मे दिवस तंबूत.

मी ऊब छान देते असं कौतुक ती सगळ्यांजवळ करायची. पण तिच्या फोमच्या मॅटवर माझं बूड काही ठरेना. झोपताना मॅटवर आणि उठताना गार जमिनीवर, हे रोजचंच झालं. तिने सपाट जागा शोधून पाहिली, खालच्या अंगाला कपड्यांचं बोचकं लावून पाहिलं, मॅटवर रबरी गोंदाचे ठिपके दिले. ठिपक्यांनी मला जरा धरलं, मग धूळ बसून तेही गुळगुळीत झाले. शेवटी एकदा थोरली कंबर धरूनच घरी आली. तिला वाकून बूटही काढता येईनात.

तिची आई घरीच शिवणकाम करायची. तिने मला मशीनखाली घेतलं आणि तीन रुंद नाड्या शिवल्या. त्या मॅटच्या खालून घेऊन माझ्या अंगावर, अगदी चेनीवरूनसुद्धा, निरगाठ मारून बांधल्या. आत शिरायचं तर वरून, पोत्यात शिरल्यासारखं. थोरलीने कुरकुर केली, पण आई कुठली ऐकते. लेकीचे हाल बघून तिचा जीव खालीवर झाला होता, म्हणून तिने एकेक गाठ दोनदोनदा आवळली. खरं सांगू का, मला तेव्हा फार बरं वाटलं. आता मी कुठेच पडणार नव्हते.

पुढच्याच कामावर पावसाने गाठलं. थोरली आणि बरोबरचे मोजणीवाले सगळे ओलेचिंब, अंगात त्राण नाही, तंबू घाईघाईत उतारावरच ठोकले. थोरली इतकी गळून गेली होती, की दिवस मावळायच्या आतच माझ्यात शिरली. डोकं उताराच्या बाजूला आहे हेही तिने बघितलं नाही. माझ्या टोपीची दोरी ओढली आणि तिला झोप लागली. मी मॅटवरून घसरले नाही. मॅटच तंबूच्या ओल्या तळावरून घसरली, आम्हा दोघींना घेऊन.

तिचं डोकं तंबूच्या खालच्या कोपऱ्यात रुतलं. भिजलेलं कापड तिच्या तोंडावर चिकटलं. तिने आतून चेन ओढली, ती पहिल्याच नाडीशी अडली. हात आत आणि गाठी बाहेर. तिने हाक मारली, पण ती माझ्याच अस्तरात जिरली. तिचा श्वास तोकडा होत चालला होता, ते मला कळत होतं. आजवर मी पडायला घाबरत होते, त्या वेळी मला माझीच भीती वाटली. मी सारखी विनवत होते, फाटू दे मला. पण आईची शिलाई, ती कसली फाटते.

थोरली लाथा झाडत राहिली. पायाकडची कारखान्यातली शिवण तेवढी उसवली. तिचा पाय बाहेर आला, तंबूच्या काठीवर आदळला आणि अख्खा तंबू खाली बसला. ते पाहून शेजारच्या तंबूतले मोजणीवाले काका धावत आले. त्यांनी कापड वर उचललं आणि चाकूने नाड्या कापल्या. त्यानंतर कितीतरी वेळ थोरली पावसात नुसती श्वास घेत बसली होती.

घरी आल्यावर तिने आईपासून काही लपवलं नाही. कापलेली नाडी आईच्या हातात तशीच राहिली.

"मी तुला जपायला गेले गं," आई म्हणाली.

"जप ना," थोरली म्हणाली. "पण मला सुटता येईल असं बघ."

आईने सगळ्या नाड्या उसवल्या. माझ्या पाठीला एक खोळ शिवली, मॅट तिच्यात सरकवायची. खोळीच्या खाली खरखरीत रबराचे तुकडे लावले, म्हणजे मॅटही जागची हलणार नाही. चेन पूर्ण मोकळी ठेवली. मग गुडघे धरत, कण्हत, ती स्वतः माझ्यात शिरली आणि लेकीला म्हणाली, टोपीपर्यंत बंद कर. मग आईने आतून चेन उघडली, बाहेर आली. हात ओले करून पुन्हा आत. डोळे मिटून पुन्हा आत. हे सगळं झाल्यावरच तिने मला थोरलीच्या पाठपिशवीत जाऊ दिलं.

आता मी विरले आहे, कपाटावर पडून असते. कुणी मला खाली काढलं, की अजूनही धस्स होतं. मित्रांनो, उतारावर झोपायची वेळ आलीच, तर डोकं चढाकडे ठेवा आणि मॅटच्या खालीही काही खरखरीत घाला. आणि एवढं माझं ऐका. आपल्या माणसाला माझ्यासारख्या बॅगेत झोपवण्याआधी एकदा तुम्ही स्वतः आत शिरा, चेन लावून घ्या, आणि कुणाच्या मदतीशिवाय बाहेर येता येतं का ते बघा.