कोइमनबाईंचं मॉडेल

"दुखतंय का कुठे?" योकेने काचेपलीकडून माईकवर विचारलं.

"नाही गं."

"खरंच?"

"नाही म्हटलं ना! वाढव तुझी ऊब."

तासाभराने शेकाच्या यंत्राच्या पाण्याच्या पिशव्या अंगावरून काढल्या, तर कोइमनबाईंच्या डाव्या कुशीत कातडीखाली टणक गाठ. आतली चरबी भाजली होती. योकेने कपाळावर हात मारला.

रॉटरडॅमच्या त्या इस्पितळात कॅन्सरच्या गाठीला शेक देण्याआधी पेशंटचा जुळा, म्हणजे मॉडेल, संगणकात तयार करतात. ते काम योकेचं. स्कॅनच्या एकेका चकतीवर हाड, चरबी, स्नायू वेगवेगळे रंगवत तिचे डोळे अधू झाले होते. मग संगणक सांगतो, शेकाच्या रेडिओलहरी कुठे पोचतील आणि कुठे भाजेल. बाईंच्या मॉडेलमध्ये डावी कूस अगदी गार होती.

"मॉडेल चुकलंय," डॉक्टर फेर्मास म्हणाले. "कारण सापडलं नाही, तर शेक बंद. नुसत्या किरणांवर भागवू."

नुसत्या किरणांवर भागणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. योकेने सगळ्या चकत्या पुन्हा डोळ्यांखालून घातल्या. एकही चूक सापडली नाही, तेव्हा तिचा पारा आणखीनच चढला. बाई गाडीची वाट बघत बाहेर कॉफी पीत बसल्या होत्या. ती तडक तिथे गेली.

"दुखत होतं, तर बोलला का नाहीत?"

"बोललं की तू ऊब कमी करतेस. मग हा मेला कॅन्सर जळायचा कसा?"

"अहो, तुम्हीच भाजलात की! आणि हलू नका म्हणून किती वेळा सांगितलं?"

"मी तसूभरही हलत नाही. देवाशपथ."

योकेने त्यांना परत आत नेलं आणि यंत्र न लावता शेक घेताना निजायच्या झोळीत बरोबर मधोमध निजवलं. बाईंनी डोळे मिटले. श्वास जरा संथ झाला, तशा त्या हळूहळू डावीकडे सरकल्या.

"सरकलात!"

"कुठे?"

तिने पुन्हा मधे घेतलं. पुन्हा तेच. योके आता रडकुंडीला आली.

"घरी झोपता तरी कशा?"

"पलंगावर. मी डावीकडे, माझा नवरा क्रेन उजवीकडे. त्याला हातपाय पसरायला लागतात."

"मग त्यांना सांगा जरा आवरून झोपायला!"

"वारला तो. नऊ वर्षं झाली."

योकेला स्वतःचाच राग आला, आणि बाईंचाही. तिने बाईंच्या अंगावर चादर ओढली आणि त्या सरकतील तिथे सरकू दिलं. मग मोजपट्टी घेऊन त्या झोळीच्या कडेपासून किती अंतरावर थांबल्या ते मोजलं.

संध्याकाळी फेर्मास तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मॉडेल तेवढंच डावीकडे सरकवून केलेल्या नव्या हिशोबात शेक नेमका कॅन्सरच्या गाठीवर पडत होता. डावी कूस वाचत होती.

"छान. पण ही अशी कडेला का? मधे घ्या."

"मधे नाही घ्यायची," योके खेकसली.

"पट्ट्याने बांधता येईल."

"बांधायचं नाही. उजवीकडे तिचा नवरा झोपतो."

फेर्मास वाकून बघू लागले. पडद्यावर रंगवलेल्या कोइमनबाई डाव्या कडेला अंग चोरून पडल्या होत्या, आणि त्यांच्या उजव्या अंगाला चार बोटं जागा मोकळी होती.