गडूभर पाणी

आई विसरायला लागली, पण विसरण्यातही तिची निवड उफराटी. दीक्षा घेतलेली विसरली, बुद्धवंदना विसरली, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो कुणाचा तेही विसरली. वरच्या आळीतल्या पार्वतीबाईंचं घर मात्र तिला लख्ख आठवायचं.

मी शाळेतून शिकवून येईपर्यंत ती तिथं पोचलेली असायची. ओट्याखाली उन्हात बसून, ओंजळ पुढं धरून हाक मारायची, "मालकीणबाई, पाणी वाढा जी." पार्वतीबाई कधीच्या वारल्या होत्या.

नामांतराच्या दंगलीपासून वरची आळी आणि आमची वस्ती एकमेकांशी कामापुरतंच बोलत होती. आईला तिथून कुणी हुसकावून लावलं तर, ही धास्ती मला होतीच. पण खरं जळायचं ते वेगळंच. ही माझी आई नव्हे, असं वाटायचं. माझी आई ताठ मानेची. लहानपणी मला घेऊन कुठंही निघाली की हातात घरच्या पाण्याचा गडू असायचाच. वाटेत कुणाच्या दारी मला पाणी मागू द्यायची नाही. गडू कशाला गं, असं विचारलं तर म्हणायची, "गप पी." ती आई मला परत हवी होती. एका दुपारपुरती का होईना, हवी होती.

"माय, ते सारं सुटलंय आता. असं खाली बसायचं न्हाई," मी किती समजवायची. ती घाबरून म्हणायची, "हळू बोल, मालकीण ऐकंल." हाताला धरून उठवलं की रडायची.

त्या दिवशी मी तणतणतच गेले. पार्वतीबाईंची सून सुमनबाई तांब्या घेऊन ओट्याच्या कडेला उभी होती.

"वरून ओतू नका!" मी ओरडले.

तिचा हात थांबला. "मग काय करू, बाई? वर या म्हनलं तर थरथर कापायल्यात. पेला दिला तर हात मागं घ्यायल्यात. तहानलेलं माणूस तसंच परत धाडू का?"

सुमनबाईनं शेजारच्या ओट्यांवरून बघणाऱ्या बायांकडं एकदा पाहिलं, पदर खोचला आणि पायऱ्या उतरून आईसमोर मातीत बसली.

आई मागं सरकली. "मालकीण, इटाळ हुईल!"

"हुंदे," सुमनबाई म्हणाली. तिनं तांब्याचा काठ आईच्या बोटांना टेकवला आणि हळूहळू पाणी सोडलं. आई घटाघटा प्यायली. मला भरून आलं आणि रागही आला, कारण ओंजळ काही सुटली नव्हती.

मग वाटलं, हिला त्या जुन्या काळातून ओढून आणता येत नाही, तर आपणच तिच्याजवळ जावं. मी आईला खेटून बसले आणि सुमनबाईपुढं माझीही ओंजळ धरली.

आईनं फटकन माझ्या हातावर मारलं. ओंजळ मोडली. पाठीवर हात ठेवून तिनं मला जवळ ओढलं आणि सुमनबाईकडं बघून, मान वर करून म्हणाली, "माझ्या लेकीला पेल्यात द्या जी. ओंजळ शिकवलीच न्हाई मी हिला. आज गडू आणायचा इसरले."

सुमनबाईनं पेला भरून माझ्या हातात दिला. तो रिकामा होईपर्यंत आईनं पाठीवरचा हात काढला नाही.