दादाच्या वळणाची अक्षरं

दादाच्या हाताला वळण होतं, असं सगळा बाजार म्हणायचा. तो पाट्या रंगवायचा. अक्षराच्या टोकांना बारीक पाय, पोटात सोनेरी रेघ, शेपटीला वेलबुट्टी. न्हाव्याचं टीचभर दुकानसुद्धा त्या पाटीखाली जुन्या काळच्या पेढीसारखं ऐटदार दिसायचं. धाकटी बहीण त्याच्या शिडीखाली रंगाचे डबे धरत मोठी झाली आणि पुढे कॉम्प्युटरवर फॉन्ट बनवू लागली.

दादाची नजर अधू व्हायला लागली तसं तिनं मनावर घेतलं. गल्लीबोळ पालथे घालून त्याच्या पाट्यांचे फोटो काढले, एकेक अक्षर उचललं. जे कुठेच सापडलं नाही ते त्याच्याकडून कागदावर काढून घेतलं.

"वेलीला अजून थोडा झोल दे," तो तिच्या खांद्यावरून वाकून सांगायचा.

"आपल्या पोरीचे नाही केले कधी एवढे लाड," वहिनी हसायची.

फॉन्टला तिनं दादाचंच घरगुती नाव दिलं. तो हां हां म्हणता पसरला. साबणाच्या वेष्टनावर, पुस्तकांवर, नाटकाच्या जाहिरातीत. दर वेळी ती कौतुकानं फोन करायची. दादा "बरं, बरं" म्हणायचा.

दरवर्षी पाटी उजळून घेणारा शिंपी एकदा ओशाळून म्हणाला, "दादा, तुमचंच अक्षर आता छापून मिळतं हो. तासाभरात." हळूहळू बाकीचेही फिरकेनासे झाले.

वहिनीकडून हे कळलं तशी ती धावत दादाच्या दुकानात आली. दादा कुंचले पुसत बसला होता.

"मी फॉन्ट बंद करते, दादा."

"गावभर पांगलाय तो. कुठून कुठून गोळा करशील?"

"मग भांड तरी माझ्याशी."

"कशावरून भांडू? तू वाईट केलं असतंस तर भांडलो असतो." त्यानं कुंचला कोरडा होता तरी पुन्हा पुसला.

दुकान बंद झालं. दादा एका मोठ्या इमारतीच्या तळघरात लागला. गाड्या लावायच्या जागांवर साचा ठेवून आकडे मारायचे, बाण मारायचे. ती भेटायला गेली तेव्हा तो गुडघ्यांवर बसून पांढरा रंग फासत होता. तिला बघून उठला, चहा मागवला, तिच्या नवऱ्याची चौकशी केली. फॉन्टचा विषय निघाला नाही.

निघताना तिनं भीतभीत विचारलं, "घरासाठी एक पाटी देशील? तुझ्या हातची?"

"कॉम्प्युटरवर काढ की," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा सुबक येतं त्यात. आता हात कापतो माझा."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिनं गिळला असता. वर जाणाऱ्या चढावर ती भिंतीला धरून उभी राहिली, आणि मागून येणाऱ्या गाडीनं भोंगा वाजवला तरी तिला बाजूला होता येईना.